पहिली वीस मिनिटं

व्यंकटेश गड्डम यांना पट्टा मिळाला, त्या मंगळवारीही शैलजा कलशेट्टी नेहमीप्रमाणे सकाळी सातला डायलिसिसच्या हॉलमध्ये आली, डाव्या हातात दोन सुया टोचून घेतल्या आणि पलंगावर आडवी झाली. मग तिचं शेजारी लक्ष गेलं. गड्डम आडवे झालेच नव्हते. पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून, चपला तशाच पायात ठेवून ते बसले होते.

"अण्णा, आज सुया नाहीत?"

गड्डमांनी इकडेतिकडे बघून शर्ट वर केला. कमरेभोवती चार बोटं रुंद, करड्या रंगाचा पट्टा होता. पट्ट्यात उजव्या बाजूला साबणाच्या वडीएवढी एक डबी बसवलेली होती. गळ्याच्या हाडाखाली शर्टाच्या बटणाएवढी झडप होती आणि तिथून दोन बारीक नळ्या पट्ट्यात गेल्या होत्या.

"चालू आहे, अक्का," ते म्हणाले. "तुमच्याशी बोलतोय ना, आत्ताबी चालूच आहे. घरनं इथपर्यंत चालत आलो. चालत!"

"मग आलात कशाला?"

"तुम्हाला दाखवायला."

ही २०३९ सालची गोष्ट. सोलापूरच्या त्या हॉलमध्ये या दोघांचे पलंग सात वर्षं शेजारी होते. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार तास. गड्डम सत्तरीला टेकलेले. सगळी उमर टॉवेलच्या कारखान्यात मागांवर गेलेली. बायको वारलेली, मुलगी भिवंडीला. शैलजा सत्तावन्न वर्षांची. लग्न केलं नाही, चोवीस वर्षं एका मोठ्या इस्पितळात नोकरी केली, भावाच्या घरी राहिली. भावाचं कुटुंब पुण्याला गेलं तेव्हा वहिनीनं मनापासून "चला" म्हटलं होतं. पण तेव्हा पुण्यात डायलिसिसला जागा मिळायला वर्षभराची रांग होती आणि डायलिसिस एक आठवडाही थांबत नाही. ती मागे राहिली. पुढे रांग संपली तेव्हा विचारणारंही कुणी राहिलं नव्हतं.

गड्डम तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, तरी तिला अक्का म्हणत. चारही तास ते बोलत असत. माग कसा अडतो, ताणा कसा तुटतो, मालक कसा होता. गप्प बसलं की यंत्राचा आवाज ऐकू येतो, म्हणून बोलायचं. एकदा शैलजाचं बीपी खाली गेलं आणि डोळ्यांपुढे अंधार आला. शुद्ध आली तेव्हा गड्डमांनी सुया टोचलेला स्वतःचा हात दोन पलंगांमधल्या जागेतून लांबवून तिची बोटं धरली होती. त्याबद्दल पुढे दोघंही कधी बोलले नाहीत.

जुन्या यंत्राला एका वेळेला सव्वाशे लिटर शुद्ध पाणी लागे. पट्ट्याला अर्धा लिटर पुरत होतं, कारण रक्तातली घाण ओढून घेतलेलं पाणी तो टाकून देत नव्हता. आतल्या कोळशातून आणि क्षारांतून गाळून तेच पुन्हा वापरत होता. खरी करामत मात्र डबीत होती. तिच्यात केसाहून बारीक, पोकळ अशा हजारो नळ्यांचा जुडगा होता. त्यांच्या भिंती इतक्या पातळ होत्या की खऱ्या मूत्रपिंडाच्या गाळणीशी त्यांची तुलना करता येत होती. दिवसरात्र हळूहळू रक्त साफ होत राहायचं. माणूस बाजारात जाऊ शके, गाडीत बसू शके, झोपू शके. दर तिसऱ्या दिवशी डबी बदलली की झालं.

"पुढच्या महिन्यात तुमचा नंबर," गड्डम म्हणाले. "मी लेकीकडं जातो. तुमचा पट्टा लागला की पहिल्यांदा आमच्याकडं यायचं. भिवंडीला."

"येईन की."

त्या दिवशी ते चारही तास बसले. शनिवारी आले तेव्हा तास-दीड तासच बसले.

---

शैलजाचा नंबर जुलैमध्ये लागला. तोवर आठापैकी पाच पलंगांवरच्या गाद्या गुंडाळून ठेवल्या होत्या.

झडप आधीच बसवलेली होती. हॉलचा टेक्निशियन तौफिक शेख, चाळिशीचा, दोन मुलींचा बाप, गेली सात वर्षं तिला सुया टोचणारा, त्यानंच पट्टा बांधला आणि डबी बसवली. डॉक्टर निंबर्गी समोर उभ्या होत्या. नळीतून रक्त लाल रेघेसारखं पुढे सरकलं आणि पट्टा हलकेच गुरगुरू लागला.

चौथ्या मिनिटाला शैलजाचे तळहात खाजू लागले. घाबरल्यामुळे होत असेल, असं तिला वाटलं. पाचव्या मिनिटाला ओठ जड झाले. ती तौफिकला काहीतरी सांगायला गेली आणि आवाज निघाला नाही. छातीत हवा जायला वाटच उरली नव्हती.

"मावशी? मावशी, माझ्याकडे बघा!"

"बंद कर!" निंबर्गी ओरडल्या. "रक्त परत नको देऊस, आहे तसं काढून टाक!"

मांडीत सुई घुसल्याचं तिला कळलं. मग छताचा पांढरा रंग पिवळा झाला, मग काळा.

दुपारी ती आयसीयूत जागी झाली. डॉक्टर निंबर्गी खुर्ची ओढून बसल्या. बाई पन्नाशीच्या, बोलण्यात सरळ.

"शैलजाताई, दोष पट्ट्यात नाही आणि तुमच्यातही नाही. डबी निर्जंतुक करावी लागते. जुने फिल्टर आपण वाफेवरचे घेत होतो. या डबीतल्या नळ्या वाफेत आक्रसतात, किरणांनी तडकतात. राहतो एकच मार्ग, गॅस. इथिलीन ऑक्साइड."

शैलजानं डोळे मिटले.

"तो गॅस जंतू मारतो, मग उडून जातो," डॉक्टर पुढे म्हणाल्या. "पण सगळा नाही. नळ्यांची टोकं ज्या गोंदात पक्की केलेली असतात, तो गोंद गॅस पिऊन बसतो आणि हळूहळू सोडतो. अगदी कणभर. बहुतेकांना काहीच होत नाही. तो कण रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटतो. अल्ब्युमिन म्हणजे आपल्याच रक्तातलं, सगळ्यात साधं प्रथिन. गॅस चिकटला की त्याचा चेहरा थोडा बदलतो. काही थोड्या लोकांचं शरीर मग त्याला ओळखत नाही. आपल्याच माणसाला परका समजून अंगावर धावून जातं. पण त्यासाठी शरीराची त्या गॅसशी आधीची गाठ पडलेली असावी लागते. तीच मला कळत नाहीये. तुमची कुठं पडली असेल?"

"चोवीस वर्षं," शैलजा म्हणाली. तिचा आवाज अजून घोगरा होता.

"काय?"

"माझी नोकरी, मॅडम. इस्पितळात ऑपरेशनचं सामान निर्जंतुक करायच्या खोलीत. आमच्याकडं त्याच गॅसचं कपाट होतं. गॅस निघून जायला बारा तास दार उघडायचं नाही, असा नियम होता. पण ऑपरेशन थिएटरमधून फोन यायचा, नळ्या हव्यात, आत्ता हव्यात. मग सहा तासांत उघडायचो. कधी चार. दार उघडलं की गोडसर वास यायचा. डोळे चुरचुरायचे. आम्ही म्हणायचो, पेशंट वाट बघतोय."

निंबर्गींनी तिचं पांघरूण नीट केलं.

---

ऑगस्टच्या शेवटी हॉलमध्ये ती एकटी उरली.

आठ पलंगांच्या हॉलमध्ये एकच यंत्र चालू राहिलं की त्याचा आवाज वेगळा येतो. भिंतीवर आपटून परत येतो. सकाळी सातला ती येई, तौफिक सुया टोचे, मग तो समोरच्या टेबलावर बसून पट्टेवाल्या पेशंटांचे आकडे स्क्रीनवर बघत बसे. आजूबाजूच्या केंद्रांतले धरून चारशे पेशंट आता त्या स्क्रीनवर होते. कुणी तुळजापुरात, कुणी पंढरपुरात, कुणी थेट गोव्यात फिरायला गेलेलं. तौफिक कामाचा माणूस, चांगला माणूस, पण बोलका नाही. तिला तो दर अर्ध्या तासानं विचारी, "मावशी, बरंय ना?" आणि ती म्हणे, "बरंय."

गड्डम भिवंडीला जाण्याआधी आणखी दोनदा आले. दुसऱ्या वेळी त्यांनी केस काळे केले होते. नंतर फोन येत राहिले. आधी दर मंगळवारी, ती पलंगावर असताना. मग एखाद्या मंगळवारी. नातवंडं मागे ओरडत असायची, गड्डम त्यांना तेलुगूत काहीतरी सांगायचे आणि परत फोनवर येऊन म्हणायचे, "हां अक्का, काय म्हणत होतात?" ती विशेष काही म्हणत नसे.

ऑक्टोबरमध्ये निंबर्गींनी तिला केबिनमध्ये बोलावलं. वाफेवरच्या जुन्या फिल्टरांचं उत्पादन बंद होत होतं. मार्चअखेर हा हॉल बंद. हैदराबादला एक केंद्र अजून दोन वर्षं चालणार होतं.

"तिथं माझं कुणी नाही, मॅडम."

"माहीत आहे. दुसरा उपाय म्हणजे शरीराला हळूहळू सवय लावणं. थोडा थोडा गॅस लागलेलं प्रथिन टोचत जायचं. पण तुमची रिअॅक्शन बघता..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "कंपनीला मी तीनदा लिहिलं. त्यांच्या लेखी तुमच्यासारखे महाराष्ट्रात साठ-सत्तर आहेत. साठ-सत्तर लोकांसाठी वेगळी डबी ते बनवणार नाहीत."

शैलजा घरी आली. रात्रीच्या भाकरीचं पीठ मळताना तिचे हात थांबले. रबर. रबरी नळ्या गॅसच्या कपाटातून काढल्या की पुढे कितीतरी दिवस वास सोडत राहायच्या. पातळ प्लॅस्टिक मात्र दोन दिवसांत मोकळं व्हायचं. तिच्या हाताखाली नव्यानं लागलेल्या प्रत्येकीला ती सांगायची: काही वस्तू गॅस लगेच सोडतात, काही धरून ठेवतात, जी धरून ठेवते तिला ऊब आणि हवा द्यायची. ऊब आणि हवा. बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी सुया टोचून झाल्यावर ती म्हणाली, "तौफिक, एक डबी दाखव. वेष्टनासकट."

डबी दोन वेष्टनांत होती. बाहेर चंदेरी, हवाबंद. आत एक पिशवी, एका बाजूनं प्लॅस्टिक आणि दुसऱ्या बाजूनं जाड पांढऱ्या कागदासारखी. शैलजानं त्या कागदावरून अंगठा फिरवला. चोवीस वर्षं तिनं असल्या पिशव्या हाताळल्या होत्या. त्या कागदातून गॅस आत-बाहेर करू शकतो, जंतू नाही. म्हणूनच तो वापरतात.

"ही डबी बनली कधी आणि चंदेरी पिशवीत गेली कधी? लिहिलंय का?"

तौफिकनं डोळे बारीक करून वाचलं. "मधे चारच दिवस आहेत, मावशी."

"चार दिवस," ती म्हणाली. "मग चंदेरी पिशवीत बंद. गॅसनं जायचं कुठं?"

---

डॉक्टर निंबर्गींनी तिचं म्हणणं पुरतं ऐकून घेतलं. नळ्या किती उष्णता सहन करतात हे त्यांनी कंपनीच्या कागदांत शोधलं: साठ अंशांपर्यंत. पन्नासवर ठेवायला हरकत नव्हती. प्रयोगशाळेतलं एक जुनं उबदार कपाट मिळालं. त्याला आत हवा खेळवणारा पंखा होता आणि बाहेर टाकणारी नळी. ती नळी तौफिकनं खिडकीतून बाहेर सोडली. कपाट हॉलमध्ये, गड्डमांच्या पलंगाच्या जागी बसलं.

चंदेरी वेष्टन काढून, आतली पिशवी तशीच बंद ठेवून डब्या कपाटात मांडल्या गेल्या. दर पाच दिवसांनी एक डबी बाहेर काढायची, तिच्यातून मिठाचं पाणी फिरवायचं, ते पाणी शुद्ध अल्ब्युमिनमध्ये मिसळायचं आणि त्यावर शैलजाच्या रक्तातला पिवळा पातळ भाग सोडायचा. गॅस उरला असेल तर तिच्या अँटिबॉडी त्यावर तुटून पडणार आणि मिश्रणाला रंग चढणार. जितका गॅस, तितका निळा रंग.

तिनं डायलिसिसच्या दिवसांव्यतिरिक्तही यायला सुरुवात केली. डब्या रोज उलट्यासुलट्या करायच्या, तापमान लिहायचं. तिला परत नोकरी लागल्यासारखं झालं. फक्त या वेळी दार लवकर उघडा म्हणणारं कुणी नव्हतं.

पहिल्या डबीचं पाणी शाईसारखं निळं झालं. विसाव्या दिवशीचं आकाशी. चाळिसाव्या दिवशी काचेच्या नळीत नुसतं पाणी दिसत होतं. निंबर्गींनी ती नळी पांढऱ्या कागदासमोर धरली, दिव्याखाली धरली. मग म्हणाल्या, "अजून दहा दिवस ठेवू या."

पन्नास दिवस झालेली डबी फेब्रुवारीत बसवली. या वेळी आयसीयूतच, सगळी तयारी करून. तौफिक मोठ्यानं मिनिटं मोजत होता. चार. पाच. शैलजा आपल्या तळहातांकडे बघत होती. दहा. पंधरा. वीस झाली तेव्हा तौफिकचा आवाज बदलला, पण तो मोजत राहिला. पस्तीसपर्यंत कुणी त्याला थांबवलं नाही.

"ताई," निंबर्गी नंतर म्हणाल्या, "एक गोष्ट कधी विसरायची नाही. प्रत्येक डबी सारखी नसते. एखादीत गोंद जास्त असेल, एखादीत गॅस उरला असेल. नवी डबी लावली की पहिली वीस मिनिटं धोक्याची. श्वास अडकला तर मांडीत टोचायचं हे ॲड्रेनलिनचं पेन हातात ठेवायचं. आणि शेजारी कुणीतरी हवं, कारण श्वास अडकला की स्वतःचा हात चालत नाही. तुम्ही बघितलंय. एकटं असताना डबी बदलायची नाही."

"नाही बदलणार."

---

मार्चमध्ये हॉल बंद झाला. कपाट इस्पितळाच्या भांडारात एका कोपऱ्यात गेलं. दर तिसऱ्या दिवशी तौफिक जेवणाच्या सुट्टीत तिथं येई, स्टुलावर बसून डबा खाई आणि ती डबी बदलत असे. वीस मिनिटं झाली की तो डबा धुऊन निघून जाई. बाकीचे दिवस ती मोकळी होती.

मोकळेपणाचं काय करायचं हे तिला पटकन कळेना. पहिल्या मंगळवारी ती सवयीनं पहाटे उठली, आवरलं, पिशवी घेतली आणि दारातच उभी राहिली. पुण्याला भावाकडे दोन दिवस जाऊन आली. सगळे चांगले वागले. तिच्या खोलीत आता भाच्याचं ऑफिस होतं.

एप्रिलमध्ये तिनं गड्डमांना फोन केला. "येते म्हटलं होतं. येऊ का?"

"या की! या, या."

तौफिकनं विचारलं, "परवा डबी बदलायची आहे ना? तिथं बसेल का कुणी?"

"अण्णा आहेत की."

"हां. मग काही प्रश्न नाही. त्यांना सगळं माहीत आहे." त्यानं पेनावरची तारीख पुन्हा तपासली आणि ते तिच्या पर्समध्ये ठेवलं. "बदलून झालं की मला मेसेज टाका."

रेल्वेनं ती कल्याणला उतरली आणि रिक्षानं भिवंडीला गेली. सात वर्षांत ती पहिल्यांदाच एवढी लांब आली होती. गल्लीत दोन्ही बाजूंना माग चालू होते. गड्डम दाराशी उभे होते. अंगानं भरले होते, गाल वर आले होते. त्यांची मुलगी लावण्या हसतमुख होती. "बाबांच्या हॉलमधल्या बाई," असं तिनं सासूला सांगितलं. जेवायला चिंचेचा भात होता, पापड होते. नातवंडं येऊन बघून गेली.

जेवणानंतर दोघं पुढच्या खोलीत बसले.

"मग? बरं चाललंय," गड्डम म्हणाले.

"बरं चाललंय. तुमचं?"

"माझंबी. देवळात जातो संध्याकाळी. आमची पाच-सहा माणसं आहेत."

"चांगलं आहे."

पंखा फिरत होता. ज्या माणसानं सात वर्षं चार-चार तास तोंड मिटलं नव्हतं, तो आता गुडघ्यावरचा धागा चाचपत बसला होता. शैलजानं तौफिकचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, कपाटाचं सांगितलं. गड्डम मान हलवत राहिले. त्यांचं लक्ष दाराकडे जात होतं.

तीन वाजून गेले होते. चारला डबी बदलायची वेळ होत होती. तिनं पिशवीतून नव्या डबीची पांढरी कागदी पिशवी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "अण्णा, थोडा वेळ..."

गड्डमांनी मान फिरवली. भिंतीकडे बघत ते म्हणाले, "माझी लावण्या बदलते. मी तिकडं बघत नाही."

तिनं मांडीवरच्या पिशवीवर हात ठेवला.

"अक्का, खरं सांगू? रागावू नका," ते म्हणाले. "तो हॉल मला आठवायलाच नको वाटतो. इथं मी कुणाला सांगत नाही. पट्टा शर्टाच्या आत असतो, मीबी विसरतो. फोनवर तुमचा आवाज ऐकला की सगळं परत येतं. सुया, तो वास, ते यंत्र. रात्री झोप लागत नाही. तुम्ही माझ्यासाठी किती... मला माहीत आहे. पण तुम्हाला बघितलं ना, आत्ता दारात, तरी माझा हात दुखायला लागला."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं बोलत नव्हते आणि त्यांना तिला दुखवायचंही नव्हतं. शैलजाला हे दोन्ही दिसलं. तिनं पिशवी परत आत ठेवली.

"असू दे, अण्णा," ती म्हणाली. "मला अजून वेळ आहे. गाडी सव्वापाचची आहे, निघायलाच हवं."

लावण्यानं भाताचा डबा बांधून दिला. गड्डम रिक्षापर्यंत आले. "सांभाळून जा," म्हणाले. रिक्षा वळेपर्यंत ते तिथंच उभे होते.

---

कल्याणला पोहोचेपर्यंत सव्वाचार झाले होते. पट्टा थरथरून सांगू लागला, डबी भरली आहे. फार तर अर्धा तास. त्यानंतर तो आपोआप बंद पडणार आणि नळ्यांत रक्त गोठायला लागणार. सोलापूर आठ तासांवर होतं.

बायकांच्या प्रतीक्षालयात चार-पाच जणी होत्या. दोघी झोपल्या होत्या. एक फोनवर भांडत होती. खिडकीजवळ चाळिशीची एक बाई मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसली होती. शैलजा तिच्याजवळ गेली.

"ताई, माझ्याजवळ वीस मिनिटं बसाल का?"

बाईनं दचकून वर पाहिलं. शैलजानं सांगितलं. थोडक्यात, पण काही न लपवता. पट्टा दाखवला, पेन दाखवलं. "मला श्वास घेता येईना झाला तर ही टोपी काढायची आणि मांडीत जोरात दाबून दहापर्यंत मोजायचं. कपड्यावरूनच. मग कुणालातरी हाक मारायची. बहुतेक काही होणार नाही."

"माझी मनमाडची गाडी पंधरा मिनिटांत आहे हो," बाई म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "आईला आज घरी सोडणार आहेत दवाखान्यातून."

"मग पंधरा मिनिटं बसा."

बाईनं पिशवी बाजूला ठेवली आणि पेन हातात घेतलं. शैलजानं जंतुनाशकानं हात पुसले, जुनी डबी काढली, नवी बसवली. कट्ट आवाज झाला. लाल रेघ पुढे सरकली. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती.

बाईचं नाव प्रणिता होतं. ती उल्हासनगरला शिवणकाम शिकवत होती. चौथ्या मिनिटाला तिनं विचारलं, "होतंय का काही?" आठव्या मिनिटाला पुन्हा विचारलं. अकराव्या मिनिटाला बाहेर गाडीची घोषणा झाली. प्रणिता उठली, पुन्हा बसली.

"मी पुढच्यानं जाते."

"नको. आई वाट बघत असेल. जा तुम्ही."

प्रणितानं पेन तिच्या उजव्या हातात दिलं, तिची बोटं त्याच्याभोवती नीट मिटवली आणि पळत निघून गेली.

आठ मिनिटं उरली होती. शैलजा भिंतीला टेकून सरळ बसली. पेनाची टोपी काढली आणि टोक मांडीजवळ धरून ठेवलं. फोनवर भांडणारी बाई आता रडत होती. चौदाव्या मिनिटाला शैलजाच्या डाव्या तळहाताला खाज सुटली. तिनं तो गुडघ्यावर उलटा ठेवला. श्वास घेतला, गेला. पुन्हा घेतला, गेला. हाक मारायची झाली तर कुणाला मारायची, हे तिनं ठरवून ठेवलं: निळ्या चादरीत झोपलेलीला, ती सगळ्यात जवळ होती. तिचं नाव माहीत नव्हतं. पंधरा. सोळा. तळहातावर घाम होता, नुसता घाम. सतरा. तिला वाटलं होतं त्यापेक्षा एक मिनिट फार मोठं असतं.

चार वाजून अठ्ठेचाळीस झाली. तिनं आणखी दोन मिनिटं वाट पाहिली. मग टोपी लावली, पेन पर्समध्ये ठेवलं आणि फोन काढला.

*बदलली. बावीस मिनिटं झाली. ठीक आहे,* तिनं तौफिकला लिहिलं.

लगेच उत्तर आलं. *छान मावशी. अण्णा बसले होते ना शेजारी?*

शैलजा त्या ओळीकडे बघत राहिली. बाहेर सोलापूरच्या गाडीचा फलाट क्रमांक सांगत होते.

*हो,* तिनं लिहिलं. *पूर्ण वेळ बसले होते.*

आणि पिशवी उचलून ती फलाटाकडे निघाली.